दोन कुलपांची गोळी

बत्तीस वर्षं मी मँगनीजच्या खाणीत स्फोटकांचा बारूदखाना सांभाळला, आणि एवढ्या वर्षांत माझ्यामुळे कुणाच्या नखालाही धक्का लागला नाही. हे मी बालाघाटात भेटेल त्याला सांगतो. भाजीवाल्यालाही सांगून झालं आहे. माझी बायको सुनीती म्हणते, "ह्यायले कोणी नुसता रामराम केला, तरी खाण सुरू होते." म्हणू दे. ज्या घरात बंडोपंत आहे त्या घरात अपघात होणार नाही, असं मी छातीठोकपणे सांगत असे. सांगत असे म्हणजे, गेल्या कार्तिकापर्यंत.

कार्तिकात आमच्या सुनेला, श्रद्धाला, दिवस राहिले. आनंद झाला, पण घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. आदल्या वर्षी तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. तेव्हा आम्ही सगळ्यांनी मोठा शहाणपणा केला होता, म्हणजे तिच्यापाशी त्याबद्दल कुणी एक शब्दही काढला नव्हता. मुलगा देवेंद्र नोकरीला जबलपूरला, शनिवारी येतो. या वेळी डॉक्टरीणबाईंनी श्रद्धाला आराम सांगितला आणि प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिल्या. दिवसातून तीन वेळा, एकही चुकवायची नाही.

आता खाणीत नवं रसायन आलं की आधी त्याचा सुरक्षेचा कागद वाचायचा आणि मगच पिंपाला हात लावायचा, हा आमचा नियम. मी मोबाइलवर गोळीचं नाव टाकलं. कागद सापडला, चांगला अकरा पानांचा. चौकातून छापून आणला आणि ओसरीवर बसून वाचला.

हे एक स्टेरॉइड हार्मोन, असं पहिल्याच ओळीत. भुकटी श्वासात जाऊ देऊ नये. हातमोजे, चष्मा, मास्क वापरावा. कुलपात ठेवावं. सांडलवंड झाल्यास परिसर रिकामा करावा. हाताळताना काही खाऊ-पिऊ नये. इथं मी जरा अडलो, कारण ही वस्तू तर खायचीच होती! आणि दुसऱ्या पानावर, लाल चौकटीत : पोटातल्या बाळाला इजा होऊ शकते.

ते वाक्य मी तीनदा वाचलं. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं.

कुणाला विचारावं? श्रद्धाला विचारलं तर पोर घाबरणार. सुनीतीला दाखवलं तर ती त्या कागदावर भाजी निवडणार. डॉक्टरीणबाईंना विचारायचं म्हणजे त्यांच्या शिक्षणावर शंका. गोळी बंद करायची माझी छाती नव्हती, आणि तशीच देत राहायचीही नव्हती. म्हणून मला जे येतं ते मी केलं. धोका टाळता येत नसेल तर तो ताब्यात ठेवावा.

बारूदखान्याला दोन कुलपं असतात आणि दोन माणसांकडे दोन चाव्या, म्हणजे एकट्याला कधीच उघडता येत नाही. मी माळ्यावरची लोखंडी पेटी काढली, गोळ्या आत ठेवल्या, डॉक्टरांची चिठ्ठीही आत ठेवली, कारण मालाचे कागद मालासोबत, हाही नियम. एक चावी माझ्या जानव्याला, दुसरी सुनीतीच्या पदराला.

"गोळ्याले दोन कुलपं काहून?" सुनीती म्हणाली.

"नियम आहे."

"कोनाचा?"

"माझा."

तिनं कपाळाला हात लावला, पण चावी पदराला बांधली.

मग दिवसातून तीन वेळा पेटी उघडायचा सोहळा सुरू झाला. खाणीतून निवृत्तीच्या वेळी मिळालेले कोपरापर्यंतचे हातमोजे, मोठा चष्मा, मास्क. गोळी चिमट्यानं वाटीत. रजिस्टरात वेळ, नग एक, घेणाऱ्याची सही. पहिल्या दिवशी श्रद्धानं वाटीत वाकून पाहिलं. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते.

"मामाजी, हे गोळी हाये का सुतळी बम?"

"सही कर," मी मास्कमधून म्हणालो.

ती हसली. वर्षभरात तिला हसताना मी पाहिलं नव्हतं, म्हणून रजिस्टर दोन मिनिटं तसंच उघडं धरून उभा राहिलो.

आठ दिवस असे गेले. दिवसा मी तिला वाटी द्यायचो आणि रात्री उठून बसून ती लाल चौकट पुन्हा वाचायचो. नवव्या दिवशी मला राहवेना. जेवण अर्धं टाकून, कागद घेऊन मी दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी अकराही पानं चाळली. वाटलं, आता रडतात. त्या हसू दाबत होत्या.

"काकाजी, हा कागद पिंपवाल्यायचा हाये. कारखान्यात कामगार ही पावडर किलोनं उपसतात, रोज नाकातोंडात जाऊ शकते, म्हणून त्यायले मास्क अन् हातमोजे. घरी फक्त गोळी फोडत-कुटत बसायचं नाही, लेकराबाळायच्या हाती लागू द्यायची नाही, बस."

"पण पोटातल्या बाळाला इजा लिहिलं आहे."

"हेच हार्मोन बाईच्या अंगात आपोआप तयार होते, काकाजी. श्रद्धाच्या अंगात कमी पडून राह्यलं, म्हणून मोजून, मी वरून देऊन राह्यली." मग त्यांनी हसणं थांबवलं. "मागचं तुमाले माहीत हाये. एकही गोळी चुकवू नका."

दवाखान्यातून मी उडत निघालो म्हणायला हरकत नाही. माझ्या हातानं विष जात नव्हतं, औषध जात होतं. पावणेतीनला घरी पोचलो; दुपारची गोळी तीनला असायची. श्रद्धा मागच्या खोलीत पडली होती. पेटी ओसरीवर ओढली, माझं कुलूप उघडलं आणि दुसऱ्यासाठी सुनीतीला हाक मारली.

मग आठवलं, सुनीती सकाळच्या बसनं कटंगीला भावाकडे गेली होती. संध्याकाळी सहाला येणार होती. पदर तिच्यासोबत आणि चावी पदरासोबत. मी फोन लावला. तो फ्रीजवर वाजला.

नियम करताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. बारूदखान्यातला दुसरा चावीवाला कधी माहेरी जात नाही.

दुकानातून गोळ्यांचा दुसरा पत्ता आणावा तर चिठ्ठी पेटीत. दवाखाना तोवर बंद झालेला. तीनला पाच कमी. मी समोरच्या हिरालालला बोलावलं. त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. तो कुलूप कापायची मशीन घेऊन आला, वायर लावली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांब! ठिणगी नको!"

कागदाच्या सातव्या पानावर तसं लिहिलं होतं. तो कागद माझ्यासाठी नाही हे मला कळलं होतं, पण बत्तीस वर्षांच्या जिभेला कळलं नव्हतं.

"काहून? पेटीत हाये तरी काय?" हिरालालनं विचारलं.

घरातल्या लेकीबाळींच्या गोष्टी मी त्याला कशा सांगणार? "एक रसायन आहे," मी म्हणालो आणि सवयीनं हातमोजे चढवले, चष्मा आणि मास्क लावला.

हिरालालची नजर पेटीवर ठेवलेल्या कागदाकडे गेली. त्यावर लाल चौकटीत एक काळा माणूस काढलेला असतो, छातीवर पांढरी चांदणी असलेला. शरीराला आतून धोका, असा त्याचा अर्थ. हिरालालनं तो जवळून पाहिला.

"काका, या मानसाची तं छाती फुटून राह्यली."

आणि मी कुठं नोकरीला होतो हे त्याला मीच निदान चाळीसदा सांगितलेलं. त्यानं मशीन अलगद खाली ठेवली आणि उलट्या पावलांनी ओसरी उतरला. दोन मिनिटांत बातमी गल्लीच्या टोकाला गेली, "पंतायच्या घरी बारूद हाये! पेटी खुली होऊन राह्यली!" धडाधड दारं लागली. मोटरसायकली निघाल्या. शेजारच्या दुर्गाबाईंनी आधी वाळत घातलेले पापड उचलले, मग बकरी सोडली, मग नवऱ्याला हाक मारली.

गल्लीत मी एकटा उरलो. हिरालालच्या पिशवीतली करवत घेतली आणि कुलपावर चालवू लागलो. कुलूप मीच आणलेलं, चांगलं बघून, न तुटणारं. तीन वाजून गेले. सव्वातीन. चष्म्याच्या काचा आतून ओल्या झाल्या. घामानं म्हणावं, तर घाम तिथं येत नाही.

"मामाजी, काय करून राह्यले?"

दारात श्रद्धा उभी होती. मी करवत टाकली आणि सगळं सांगून टाकलं. कागद, लाल चौकट, माझी भीती, डॉक्टरीणबाई, कटंगीला गेलेली चावी. "तीनची गोळी चुकली, पोरी," मी म्हणालो, "माझ्यामुळे चुकली." आणि त्या मास्कमध्ये मी रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

ती माझ्या शेजारी पायरीवर बसली. "तीनले तं घेतली मी."

"कुठून?"

"आईनं पहिल्याच दिवशी एक पत्ता माह्या पर्समध्ये टाकला. म्हने, ह्यायच्या कुलपाचा भरोसा नाही, अडीअडचणीले असू दे. आज तुमी दिसले नाही, तं त्यातली घेतली."

मी चष्मा काढला. "मग रोज सह्या काहून करत होतीस?" माझीही भाषा घसरली.

तिनं दुर्गाबाईंच्या पापड उचललेल्या अंगणाकडे पाहिलं. "मागच्या टाइमले कोनी काही बोललंच नाही, मामाजी. मले वाटे, मी एकटीच भिऊन राह्यली. तुमी ते हातमोजे घालून आले ना, तं मले समजलं, घरात अजून एक जन भेतो."

मी मास्क काढला. तिनंच माझे हातमोजे ओढून काढले.

सहाला सुनीती आली. अर्धं कापलेलं कुलूप तिनं पदराच्या चावीनं एका क्षणात उघडलं आणि विचारलं, "गल्लीतले सारे मानसं गेले कुठं?" हिरालालला समजावायला मला तीन दिवस लागले. तो अजूनही आमच्या ओसरीवर विडी पेटवत नाही.

ज्येष्ठात श्रद्धाला मुलगी झाली, ओवी. दवाखान्यातून घरी आल्यावर श्रद्धानं तेच रजिस्टर माझ्यापुढे धरलं. तिच्या अक्षरात लिहिलं होतं : ओवी, नग एक, वजन दोन किलो नऊशे, स्थिती उत्तम. घेणाऱ्याची सही. मी सही केली, दोनदा हात धुतले आणि इकडेतिकडे बघू लागलो.

"हातमोजे नाही भेटनार," श्रद्धा म्हणाली. "हात असेच द्या."

मी हात दिले. पोर मांडीवर आली, माझ्या बोटाला धरून झोपली, आणि पाच मिनिटांत माझा पायजमा गुडघ्यापर्यंत गरम झाला. सुनीती हसता हसता खाली बसली. सांडलवंड झाल्यास परिसर तत्काळ रिकामा करावा, हे कलम मला तोंडपाठ आहे. पण मी जागचा हललो नाही. तिची झोप मोडली असती.