तिथवरचं तिकीट

सायमनकाका चर्चमध्ये भर मिस्सा चालू असताना प्रार्थना अडवायचे. फादर वेदीवरून म्हणाले, "सर्व जगात शांती नांदो," की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "फादर, जगाचं राहू द्या. आधी गाणाऱ्या बायांचं मिटवा. दोघी सकाळपासून एकमेकींशी बोलंनात."

काका एसटीचे निवृत्त कंडक्टर. लातूर–शिरूर अनंतपाळ गाडीवर जन्म गेलेला. प्रार्थनेबद्दल त्यांचं एकच म्हणणं. "जिथं उतरायचं, तिथलंच तिकीट मागावं, मास्तर. लोक स्वर्गाचं मागतात अन् मनातून उतरायचं असतंय बाजारात."

मी शाळामास्तर. रोज जपमाळ म्हणायचो, पण मणी बोटांखालून सरकत आणि मन भलतीकडेच. मग टोचणी लागे, म्हणून आणखी एक माळ. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "दंड भरायलात व्हय? देव काय तपासनीस हाय?"

त्या वर्षी दुष्काळ होता. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचा रंग ओला आणि नळ कोरडे. टँकरवर माणशी एक घागर मिळे. काका स्वतःची आणि अंथरुणाला खिळलेल्या रोझाकाकूंची अशा दोन घागरी नेत. चर्चमध्ये सगळे रोजची भाकर मागत, तेव्हा काका मोठ्यानं म्हणत, "भाकर हाय. पाणी दे!" फादरनाही हसू आवरत नसे.

पण त्याच प्रार्थनेत एका ओळीला काका गप्प होत. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.' एकदा मी विचारलंच.

"काका, ती ओळ राहते तुमची."

"राहत न्हाई, सोडतो मी. त्याच्या मनात काय हाय ते हिच्याकडं बघून कळायलंय. मला ही घरात पाहिजे. तोंडानं 'हाव' म्हणू अन् पोटात 'न्हाई' ठेवू?"

उन्हाळा सरता सरता काकू गेल्या. कबरस्तानातली जमीन अशी की पहार नुसती वाजे, रुतत नसे. काका घरी गेले, भरलेली घागर घेऊन आले आणि आखलेल्या जागेवर ओतू लागले.

"काका, अहो, प्यायचं पाणी हाय ते!" कुणीतरी म्हणालं.

"हिच्या वाट्याचं हाय. हिच्यापुरतं तरी मऊ होऊ द्या."

माती लोटून झाल्यावर सगळ्यांनी प्रार्थना सुरू केली. ती ओळ आली आणि रोज घडाघडा म्हणणारी माझी जीभ अडली. आजूबाजूचेही आवाज थांबले. फादरसुद्धा.

काकांनी रिकामी घागर काखेत घेतली.

"म्हणा तुम्ही. मला तिथलं तिकीट अजून मागवत न्हाई."

मग आमच्यापैकी कुणाकडेही न बघता, हळूच म्हणाले, "पर गाडीत हाय मी."