अंबादासकाकांचे जागे चाकू

अंबादासकाका घरी आले की चहाआधी चाकू मागतात. कांदा चिरायची सुरी नव्हे, खिशातला, घडीचा. आमच्याकडे नाही म्हटलं की "कैसा जीतें तुम लोगां?" अशा नजरेने बघतात, आणि स्वतःचा काढून उघडतात. खट्!

"आला आवाज? जागा झाला."

चिक्कडपल्लीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच राहतात. सिकंदराबादला रेल्वेत नोकरी केली, लग्न केलं नाही. उघडा चाकू त्यांच्या लेखी जागा, मिटलेला झोपलेला. आणि ज्याचा खटका पक्का नाही, तो झोपेत चालणारा. "त्याचा भरवसा नक्को, अम्मा. कधी मिटेल ते त्यालाच ठाऊक नसतं."

माझ्या नवऱ्याला ऑफिसातून एक झकपक चाकू भेट मिळाला होता. पातं उघडलं की आतली पोलादी पट्टी सरकून त्याच्या टाचेमागे बसते आणि ते मिटू देत नाही, असली रचना. काकांनी तो उजेडात धरला.

"पट्टी नुसती काठाला टेकलीय," म्हणाले, आणि पात्याची पाठ खुर्चीच्या दांड्यावर हलकेच आपटली. पातं गपकन मिटलं. नवऱ्याने उगीचच आपली बोटं चाचपून पाहिली.

"हा माणसं ओळखत नाही," काका शांतपणे म्हणाले. त्या दिवसापासून तो चाकू नवऱ्याने कपाटाच्या वरच्या फळीवर टाकला.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी त्यांना लोणचं द्यायला गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून काकांचा आवाज येत होता, एरवीपेक्षा फार हळू.

"बोट मागं घे. असं. आता काप." मग जरा थांबून, "शाबास."

पाहुणा असेल म्हणून मी आत डोकावले. पडदे ओढलेले. काकांसमोरची खुर्ची रिकामी. तिच्यापुढे बशीत पेरूच्या फोडी होत्या; वेड्यावाकड्या, लहान मुलाने कापाव्यात तशा. काकांचे दोन्ही हात मांडीवर होते.

मी लोणच्याची बरणी घेऊन दारातच थांबले.

"ये, अम्मा," काका अगदी सहज म्हणाले. "हा दत्तू. माझा धाकटा भाऊ."

मी दुसरी खुर्ची ओढून बसले.

"अफझलगंजच्या बाजारातून मीच त्याच्यासाठी चाकू नेला होता गावी," ते सांगू लागले. "नुसती स्प्रिंग, अडवायला काही नाही. ऊस सोलताना पातं त्याच्या बोटावर मिटलं. जखम एवढीशी. आईनं हळद दाबली. पुढं धनुर्वात झाला."

"मग... रोज येतो?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"शिकायचं राहिलंय ना त्याचं."

त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. मी एक फोड उचलली.

"आधी मला दादा म्हणायचा," रिकाम्या खुर्चीकडे बघत काका हसले. "तो तेवढाच राहिला, मी हा असा झालो. आता आजोबा म्हणतो, येडा, हौला कुठला."