कुंदाताईंचा इंग्रजीचा पेपर

ट्रेलरचा ड्रायव्हर वजनाची पावती घ्यायला खिडकीशी आला, की कुंदाताई ठाकूर त्याच्या हातात पावतीऐवजी अर्थशास्त्राचं गाईड ठेवायच्या.

"पान येकशे बारा," त्या म्हणायच्या. "उंगली रखो. मैं बोलती, तुम देखो."

आणि डोळे मिटून सुरू. "मागणीचा नियम. इतर परिस्थिती कायम असताना वस्तूची किंमत वाढल्यास मागणी घटते..."

बिचारा ड्रायव्हर हरियाणाहून नाहीतर बिहारहून आलेला असायचा. मराठीचा गंध नसायचा, पण हिंदी वाचता येत असल्यामुळे ही अक्षरंही वाचता यायची. तो ओळीखाली बोट फिरवत राहायचा. मागे पाच ट्रेलर हॉर्न मारतायत, पण समोरचा दांडा वर करायचं बटण कुंदाताईंच्या हाताखाली, त्यामुळे इलाज नसायचा. कुठे शब्द गळला की ड्रायव्हरच सांगायचा, "ताई, 'तथापि' छूट गया." मग ताई कपाळावर हात मारून वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायच्या, आणि सगळं बिनचूक झालं की दांडा वर जायचा. या 'तथापि'वर त्या इतक्या वेळा अडखळल्या, की न्हावा शेवाच्या रस्त्यावरचे निम्मे ड्रायव्हर त्यांना 'तथापि ताई' म्हणत.

जासईच्या ज्या कंटेनर यार्डात हा प्रकार चाले, तिथे मी बिलिंगला लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. पनवेलला घर, बाबांची सहा आसनी रिक्षा. त्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, आणि मी बी.कॉम.चं शेवटचं वर्ष सोडून नोकरी धरली. याचं मला फार वाईट वाटत होतं असंही नाही. घरात कुणीतरी कमवायला हवं होतं, ते मी करत होते. विषय संपला, असं मला वाटत होतं.

पहिल्याच दिवशी पावत्यांचा गठ्ठा आणायला वजनकाट्याच्या केबिनमध्ये गेले. आत पन्नाशीच्या एक बाई, नाकात मोठी चमकी, हिरवी साडी, त्यावर नारिंगी रंगाचं सेफ्टी जॅकेट, आणि डोक्यावर हेल्मेटच्या वरून माळलेला अबोलीचा गजरा. मी गजऱ्याकडे बघतेय हे त्यांनी ओळखलं.

"हेल्मेटच्या आतमदी चिरडतो," त्या म्हणाल्या. "नाव काय तुजा?"

"प्रणाली."

"किती शिकलीस?"

"टीवायला होते. सोडलं."

त्यांनी काट्यावरच्या ट्रेलरला हातानेच थांब म्हणून खूण केली आणि खुर्ची पूर्ण माझ्याकडे वळवली.

"म्हंजी येकच वरीस रायला?"

"हो."

"आन् येका वर्सासाठी सोरलास?" त्या एवढ्या जोरात म्हणाल्या, की बाहेरचा ड्रायव्हर केबिनमध्ये डोकावला. "मी बारावीनंतर तीस वर्सांनी बी.ए.चा फारम भरला. पैल्या वर्साला दोनदा बसली. आता दोन पेपर रायलेत, येक अर्थशास्त्र आन् येक इंग्लिश. मी नाय सोरला, आन् तू सोरतेस?"

पुढच्याच रविवारी त्या माझ्या घरी हजर. आईला म्हणाल्या, "पोरीचे फोटू द्या दोन." आईने, कोण कुठली बाई हे न विचारता, दिले. ताईंचा आवाजच असा होता की फोटो काय, घराची किल्लीसुद्धा दिली असती. संध्याकाळपर्यंत मुक्त विद्यापीठाच्या पनवेलच्या अभ्यासकेंद्रात माझा फॉर्म भरलेला होता. सोमवार ते शनिवार यार्ड, रविवारी वर्ग. मी कधी हो म्हटलं, ते मला आजही आठवत नाही.

ताई जासईच्याच. घरची पूर्वी शेती आणि मिठागरं होती. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि त्या भावांकडे परत आल्या. पुढे बंदरासाठी जमिनी गेल्या, मोबदल्यात भावांचे तीन मजली बंगले उभे राहिले, दारात मोठाल्या गाड्या लागल्या. बहीण सेफ्टी जॅकेट घालून काट्यावर बसते याची भावांना लाज वाटे. "घरी बस की, तुला काय कमी हाय?" असं ते म्हणत. ताईंचं उत्तर ठरलेलं: "बसाचाच हाय तर काट्यावर बसन. तितं कोनतरी येतं तरी."

अभ्यासाच्या त्यांच्या पद्धती कुठल्याही पुस्तकात सापडणार नाहीत. धड्याची प्रश्नोत्तरं त्या स्वतःच्याच आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करत आणि भाकऱ्या थापताना लावत. मोबाइलमधल्या कुंदाताई प्रश्न विचारणार, चुलीपुढच्या कुंदाताई उत्तर देणार. उत्तर चुकलं की दोघींचं भांडण. "येकदा ती मना बोलली, चूक. मी बोलली, तूच चूक. पुस्तक काढला, तर दोगी चूक!" हे सांगताना त्यांना हसू आवरत नसे.

आणि बोंबील! सुके बोंबील हा त्यांचा जीव की प्राण. करंजा बंदरातून चांगले निवडून आणायचे आणि एक धडा पाठ झाला तर दोन बोंबील, नाहीतर नुसती आमटी, असा नियम. पण पिशवी घरी असली तर स्वतःवर भरवसा नाही. म्हणून ती पिशवी त्यांनी आमच्या मॅनेजरच्या, शहासाहेबांच्या, ड्रॉवरमध्ये ठेवली. शहासाहेब कांदालसूणसुद्धा न खाणारे.

"अहो ताई, माझ्याकडेच का?" त्यांनी रडवेल्या आवाजात विचारलं.

"दुसऱ्याकडं ठेवले तर तो खाईल. तुमची गॅरंटी हाय."

शहासाहेब रोज पाच वाजता नाकाला रुमाल लावून विचारत, "धडा झाला?" ताई "झाला" म्हणाल्या की दोन बोटांत धरून दोन बोंबील काढून देत. अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम लवकर संपावा म्हणून त्या यार्डात शहासाहेबांइतकी प्रार्थना कुणीच केली नसेल.

हिवाळ्यात ताईंनी त्यांचे दोन्ही पेपर दिले. निकालानंतर मी विचारलं, तर म्हणाल्या, "अर्थशास्त्र सुटला. इंग्लिश रायला." एवढंच. चेहरा मात्र नापास झालेल्या माणसाचा नव्हता, पण ताईंचा चेहरा कधीच तसा नसायचा. "परत बसन. तू हायस ना मना शिकवाला," असं म्हणून त्या रविवारी नेहमीसारख्या वर्गाला आल्या. शेवटच्या बाकावर माझ्या शेजारी बसून त्या माझ्या ताळेबंदाच्या तासालाही मान डोलावत.

फेब्रुवारीत मी मोडले. आठवडाभर यार्डात बिलांचे ढीग, घरी बाबांचे व्यायाम, स्वयंपाक, आणि पुस्तक उघडलं की अक्षरांवर डोकं टेकायचं. शनिवारी यार्डातून निघताना मी ताईंना सांगून टाकलं, "मी उद्यापासून येणार नाही. बास झालं."

मला वाटलं, आता व्याख्यान ऐकावं लागणार. पण त्या फक्त "बरं" म्हणाल्या.

रविवारी सकाळी साडेसहाला आमच्या इमारतीच्या जिन्यात कुणीतरी मोठ्याने वाचू लागलं. "दि... ओल्ड... मॅन... व्हॉज... सिट्टिंग... अंडर... दि... ट्री." दार उघडून पाहते, तर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर कुंदाताई, मांडीवर इंग्रजीचं पुस्तक.

"ताई, हे काय?"

"तू वर्गाला येनार नाय. मग मना हितंच वाचावा लागंल," असं म्हणून त्या पुन्हा सुरू झाल्या. "दि ओल्ड मॅन व्हॉज..."

चौथ्यांदा म्हातारा झाडाखाली बसला तेव्हा समोरचे वैद्यकाका बनियनवर बाहेर आले. मग वरच्या मजल्यावरची मंडळी. मग खालची. वैद्यकाका हात जोडून मला म्हणाले, "बाई गं, तू जा वर्गाला. आमचा एकच रविवार असतो."

मी गेले. जिना उतरताना मला इतकं हसू येत होतं, की रडावंसं का वाटत होतं तेच विसरले.

माझा शेवटचा पेपर आला नेमका महिनाअखेरीला. दुपारी दोनला पनवेलमध्ये पेपर, आणि यार्डात बिलांचा पाऊस. शहासाहेब म्हणाले, बारापर्यंत काम करा आणि मग जा. ताईंनी सुट्टी घेतली होती, पण मला न्यायला त्या यार्डात आल्या. "माजा पन आजच हाय इंग्लिशचा. बस माज्या स्कूटरवर."

बाराला निघालो आणि गव्हाण फाट्याच्या अलीकडे अडकलो. पुढे कुठेतरी ट्रेलर आडवा झाला होता. नजर जाईल तिथपर्यंत कंटेनरच कंटेनर. पाऊण तासात आम्ही चार गाड्या पुढे सरकलो. एक वाजला. मी स्कूटरवरून उतरून रस्त्याच्या कडेला बसले आणि म्हटलं, "ताई, राहू दे. नशिबातच नाही."

"नशीब नाय, ट्रॅफिक हाय," ताई म्हणाल्या आणि शेजारच्या ट्रेलरच्या दारावर हेल्मेट आपटू लागल्या.

वरून एक पगडी डोकावली. "अरे! तथापि ताई!"

तो बलबीर होता. पान एकशे बाराला सगळ्यात जास्त वेळा बोट लावलेला माणूस.

"बलबीर, इसका पेपर है! दो बजे!" ताई माझ्याकडे बोट दाखवून ओरडल्या.

बलबीर खाली उतरला. पुढच्या ट्रेलरवर थाप मारून काहीतरी बोलला. त्याने पुढच्याला सांगितलं. बघता बघता निरोप रांगेतून पुढे गेला, आणि ती अजस्र धुडं एकेक करून कुणी चाक वळवून, कुणी हातभर मागे घेऊन, आमच्या स्कूटरपुरती फट करू लागली. आम्ही त्या फटीतून निघालो. दोन्ही बाजूंच्या केबिनमधून आवाज, "ताई, तथापि!" "ताई, मागणी का नियम!" ताई एका हाताने स्कूटर सांभाळत दुसरा हात प्रचारफेरीतल्या पुढाऱ्यासारखा हलवत होत्या. मागे बसून मी धुळीत डोळे मिटून व्हॅटऐवजी जीएसटी, जीएसटी असं काहीतरी घोकत होते.

दोनला पाच कमी असताना फाटकाशी पोचलो. "तू जा. माजा वर्ग त्या बाजूला," म्हणत ताईंनी मला आत ढकललं.

पाच वाजता बाहेर आले, तर ताई आधीच उभ्या. हातात उसाच्या रसाचे दोन ग्लास, एक माझ्यापुढे धरलेला.

"तुमचा झाला पण?"

"इंग्लिशला काय? येतं तेवढा लिवला आन् आली. तुजा सांग. पयला प्रश्न काय होता?"

मी सांगू लागले. पहिला, दुसरा, तिसरा. त्यांनी एकही सोडू दिला नाही. ताळेबंद जुळला का, हे तीनदा विचारलं. जुळला म्हटल्यावर रसवाल्यालाही सांगितलं, "हिचा जुलला!"

मी पास झाले. दुसऱ्या वर्गात, पण झाले. गुणपत्रिका आणायला एका शनिवारी अर्धी सुट्टी टाकून एकटीच केंद्रावर गेले. क्लार्कने सही घेतली आणि म्हणाला, "त्या ठाकूरबाई तुमच्याबरोबर असतात ना? त्यांचं प्रमाणपत्र कधीचं येऊन पडलंय. न्यायला सांगा."

"त्यांचा इंग्रजीचा पेपर राहिलाय," मी म्हटलं.

त्याने रजिस्टर उघडून माझ्याकडे फिरवलं. "कुठे राहिलाय? हिवाळी परीक्षेतच सुटलाय की. चव्वेचाळीस मार्क."

मी हिशेब करत बसले. म्हणजे फेब्रुवारीत जिन्यात बसलेली बाई पदवीधर होती. ताळेबंदाच्या तासाला मान डोलावणारी बाई पदवीधर होती. आणि माझ्या पेपरच्या दिवशी दोन ते पाच, त्या उन्हात, कुठला वर्ग आणि कुठलं काय?

क्लार्कची मनधरणी करून मी ते प्रमाणपत्र घेतलं आणि तशीच जासईला गेले. ताई काट्यावर नव्हत्या, सुट्टी होती त्यांची. पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेले. मोठा बंगला, संगमरवरी पायऱ्या, आतून टीव्हीचा आवाज. ताई मागच्या अंगणात एकट्याच बोंबील वाळत घालत होत्या. मी त्यांच्यापुढे प्रमाणपत्र धरलं.

त्या ओशाळल्या. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"मी सुटली बोलली असती तर तू रविवारी येकटी गेली असतीस का?" त्या म्हणाल्या. "नसती गेलीस."

"आणि पेपरच्या दिवशी? तीन तास तुम्ही कुठे होतात?"

"सायकल स्टँडला सावली हाय." मग हातातला बोंबील उलटसुलट करत म्हणाल्या, "पोरी, मी सगले पेपर येकटीनी दिले. बाहेर आली की बाकीच्यांचा कोन ना कोन असाचा. आई, नाय तर नवरा, नाय तर पोरगा. सगली विचारतात, कसा गेला? मना सांगावासा लय वाटं. घरी आली तर भाव बोलं, चा ठेव. येकदा तर मी सांगाला गेली वॉचमनला. तो बोलला, गेट बंद करायचाय, बाई." त्या हसल्या. "तुजा तसा नको व्हाला. म्हनून थांबली."

मी प्रमाणपत्र तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलं, त्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून माझी पर्स ठेवली आणि त्यांच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसले.

"ताई," मी विचारलं, "इंग्रजीचा पेपर कसा गेला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी थट्टा करत नाही याची खात्री करून घेतली. मग हात पदराला पुसले आणि माझ्यासमोर नीट बसल्या.

"पयला प्रश्न," त्या म्हणाल्या, "रिकाम्या जागा भराचा होता. दहा मार्कांचा. त्यातल्या आठ मना येत होत्या..."