खिरीच्या भांड्याचा दावा

माणूस गेल्यावर मागे दोन गोष्टी उरतात : आठवणी आणि शेजाऱ्यांची भांडी. पैकी आठवणी परत कराव्या लागत नाहीत.

वारंबिल गावात कुणी गेलं की शेजारी शिजवलेलं अन्न आणतात आणि भांडं ठेवून जातात. (दुःख मोजण्याची हीच सर्वमान्य पद्धत. हवालदार गेला तेव्हा चारच भांडी आली.) बुडाला मालकिणीच्या नावाची चिकटपट्टी असते. भांडी घासून, पट्ट्या वाचून परत करणे हे विधुराचं पहिलं सार्वजनिक कर्तव्य.

बायको गेल्यावर लेस्टर पिमलॉटने आलेली भांडी गरम पाण्यात भिजत घातली. पट्ट्या वर तरंगल्या. मग त्याने सगळी भांडी गावच्या सभागृहात मांडली आणि ज्याचं त्याने ओळखून न्यावं, अशी सूचना केली. सत्तर टक्के बायकांनी स्वतःच्या भांड्यापेक्षा बरं असलेलं भांडं ओळखलं. त्या गडबडीत लेस्टरच्या बायकोचं, आयरीनचं, निळ्या काठाचं भांडंही गेलं. आयरीन दर रविवारी त्यात तांदळाची खीर ओव्हनमध्ये भाजायची. कोपऱ्यातली करपलेली साय लेस्टरची.

ते शेजारच्या नोरीन टकवेलकडे निघालं.

"नोरीन, ते आयरीनचं आहे. टवका बघ."

"टवका माझ्याही भांड्याला होता. आणि टेबलावर मांडलं कुणी? मी?"

लघुवाद न्यायाधिकरणाची कार्यपद्धती अत्यंत सुलभ आहे. सामान्य माणसाला वकील लागू नये म्हणून ती वकिलांनी तयार केली आहे. दावा कशाचाही करता येतो, मात्र वस्तूचं मूल्य लिहावं लागतं. लेस्टरने 'रविवार' असं लिहिलं. कारकुनाने ते खोडून बारा डॉलर केलं. (शुल्क त्याहून बरंच जास्त. न्याय स्वस्त झाला तर लोक रोज मागतील.)

सुनावणीला नोरीनने वस्तू हजर केली. पण वारंबिलमध्ये रिकामं भांडं घेऊन कुणी कुणाच्या दारात जात नाही. सबब पुरावा क्रमांक एक खिरीने भरलेला होता.

भरलेला पुरावा उलटा करून तपासण्याची तरतूद नियमांत नव्हती. न्यायाधिकरणाच्या सदस्या बाईंनी तो रिकामा करण्याचा आदेश दिला. उभय पक्ष, कारकून व खुद्द सदस्या यांनी त्याचे तात्काळ पालन केले.

"कोपरा तू घे," नोरीन म्हणाली. "साखर कमी पडलीय, आधीच सांगते."

"आयरीन जायफळ जास्त घालायची."

"किती सांगितलं तिला. ऐकते कुठे."

लेस्टरने कोपरा खाल्ला. मग कडेची सायही बोटाने निपटून घेतली. कामकाजाच्या नोंदीत तेवढी जागा कोरी आहे.

मग भांडं उलटं झालं. बुडावरचं जुनं करपट सदस्या बाईंनी चमच्याने खरवडलं. खाली लाल नखरंगाने नाव लिहिलेलं होतं : मॉड हार्कनेस.

"आयरीनची आई गेली तेव्हा मॉडने आणलं असणार," नोरीन म्हणाली. "द्यायचं राहिलं."

निर्णय झाला तो असा : भांडं दोघांचंही नाही. मूळ मालकीण मागायला येईपर्यंत ते अर्जदाराने सांभाळावे, व रविवारी रिकामे ठेवू नये. (मॉड कित्येक वर्षं चर्चमागे पुरलेली आहे. ती येण्याची शक्यता न्यायाधिकरणाने मोकळी ठेवली आहे.)

लेस्टरवर हसून झालं असेल तर उठा. तुमच्या वरच्या फळीवर स्टीलचा एक डबा आहे. त्यावर कोरलेलं नाव तुमच्या घरात कुणाचंच नाही. ती बाई हयात असेल तर उद्याच जा.

रिकामा नेऊ नका.