आमचा पायाळू पाय

साहेबांना लाथ मारायला जायचं, हे त्र्याऐंशी साली एका शुक्रवारी आमच्या मुलुंडच्या चाळीत चहा पिता पिता ठरलं. ठरवलं अर्थात बायकोनं. (माझ्याकडे फक्त पाय होता.)

पाय साधा नव्हता. मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, असं आई सांगत आली होती. आणि पायाळू माणसानं पाठीत लाथ घातली की कमरेत भरलेली उसण उतरते, हे आम्हा कोकणातल्या लोकांना वेगळं सांगावं लागत नाही. तेव्हा निम्मी चाळ अंगमेहनतीवर जगायची. कमर धरली की खाडा आणि खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी गेली. सकाळी दारात कुणीतरी वाकडं होऊन उभं असायचंच. गोदामात गोणी उचलणारा लवू तर महिन्यातून एकदा यायचा. मी लाथ मारायचो, तो कामावर जायचा. जाताना म्हणायचा, "बाळा, तुझो पाय सोन्याचो." ऑफिसात मी दिवसभर बोलणी खायचो, पण सकाळी सात ते सव्वासात चाळीत माझा दरारा होता. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

तर आमचे राजाध्यक्ष साहेब. शनिवारी हेडक्लार्कच्या जागेसाठी माझ्या नावापुढे सही करायची आणि रिटायर व्हायचं, एवढंच त्यांचं काम उरलं होतं. बुधवारी खुर्ची सरकवताना त्यांची कमर धरली. सहीचं रजिस्टर ऑफिसाबाहेर न्यायची परवानगी नव्हती आणि नवे साहेब आले की जागा माझ्या शेजारच्या टेबलावरच्या अंबादासला मिळणार, हे शिपायालाही ठाऊक होतं.

"जा आणि मारा," अनुपमा म्हणाली.

"अगं, साहेब आहेत ते."

"साहेबाची कमर काय वेगळी असते?"

गेलो. साहेब सतरंजीवर पालथे पडले होते. मी आधी त्यांच्या पाया पडलो. मग बेलचं बटण दाबावं तसा पाठीला अंगठा टेकवला.

"परब, हे काय?"

"लाथ, सर."

"फाईल सरकवल्यासारखी काय मारता? नीट मारा."

मी डोळे मिटले. चौऱ्याहत्तरचा मेमो आठवला. पंचाहत्तर साली नाकारलेली रजा आठवली. (ती माझ्या लग्नाची होती.) पाय आपोआप उठला.

साहेब असे ओरडले की त्यांच्या बायकोच्या हातातली बशी पडली. मग ते उठले, एकदा वाकून बघितलं आणि हळूच म्हणाले, "परब, एवढं साठलं होतं?"

शनिवारी सही झाली.

पुढच्या महिन्यात आई कुडाळहून आली. मी ही हकीकत तिला रंगवून सांगितली. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पायाळू तू न्हय रे. पायाळू नंदू."

नंदू म्हणजे माझा थोरला भाऊ.

"मग लहानपणापासून सगळ्यांना माझं नाव का सांगितलंस?"

"नंदू शाळेत पैलो, नदीत पवण्यात पैलो. तुझ्याबद्दल सांगूक कायतरी होया होता. म्हणान सांगलंय."

मला एकदम भरून आलं आणि त्याच वेळी कुठंतरी तोंड लपवावंसंही वाटलं. तेवढ्यात दारात लवू, पार वाकलेला. मी आईकडे बघितलं.

"मार," ती म्हणाली. "तेका कामार जावचा आसा."

मी मारली. लवू सरळ झाला, "सोन्याचो पाय" म्हणाला आणि गेला. मी मात्र एका पायावर तसाच राहिलो. माझ्याच कमरेत उसण भरली होती.

"अनुपमा," आई शांतपणे म्हणाली, "नंदूक कार्ड टाक."

कार्ड गेलं, पाचव्या दिवशी नंदू आला. तोवर नवा हेडक्लार्क घरी पालथा पडून होता. नंदूनं बॅग ठेवली, लेंगा वर खोचला आणि चार पावलं मागं गेला. माझ्या नावावर खपलेला त्याचा पाय तो पस्तीस वर्षं बघत आला होता, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

उसण जागच्या जागी उतरली. भिंतीपाशी पडल्या पडल्या मी विचारलं, "नंदू, एवढं साठलं होतं?"