टाकीतलं फुमिएचं पाणी

ओरिकासांच्या घरातलं पाणी गोठलं, ही बातमी गावभर व्हायला अर्धा तास लागला. त्यातली पहिली वीस मिनिटं कुणाचा विश्वासच बसला नाही. ओरिकासांनी नगरपालिकेच्या पाणीखात्यात अडतीस वर्षं काढली होती. हिवाळ्यात संध्याकाळी गावच्या भोंग्यावरून "आज कडाका आहे, झोपण्यापूर्वी नळांतलं पाणी उतरवून पाइप रिकामे ठेवा" असं बजावणारा आवाज त्यांचाच. आता तो माणूस ओट्याखाली आडवा होऊन पाइपवर केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा सोडत होता.

याचं मूळ अंगणात होतं. तिथे त्यांची कॅम्पर गाडी, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, बर्फात उभी होती. निवृत्तीनंतर ओरिकासा आणि त्यांची बायको फुमिए तिच्यात बसून सगळं होक्काइदो बेट हिंडले. ऑगस्टात शेवटच्या फेरीत डोंगराच्या पायथ्याशी झरा लागला, तेव्हा फुमिएनं हट्टानं गाडीखालची टाकी त्या पाण्यानं भरून घेतली आणि मागच्या बाजूचा नळ घट्ट बंद केला. आठवड्याभरानं ती इस्पितळात गेली आणि सप्टेंबरात तिथूनच गेली.

थंडी आली तशी गावातल्या सगळ्या कॅम्परवाल्यांनी टाक्या रिकाम्या केल्या. ओरिकासांनी केली नाही.

"गोठून फुटेल हो," शेजारी म्हणाले. "बाटल्यांत भरून घरात तरी आणा."

"बघू," ओरिकासा म्हणाले. भरायचं म्हणजे नळ उघडायचा, आणि तो तिनं बंद केलेला.

मग त्यांनी टाकीभोवती घरातली जाड दुलई गुंडाळली. डिसेंबरात दुलईच्या आत विजेवर तापणारी चादर आली. तिची वायर न्यायला स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडी ठेवावी लागली. काल उणे बावीस झालं, तेव्हा ते स्वतःही सोबतीला गाडीत जाऊन झोपले. टाकीला काही झालं नाही. चार बोटांच्या फटीतून हिवाळा मात्र घरात शिरला आणि ओट्याखालचा पाइप धरून बसला. घरातलं पाणी उतरवायचं ओरिकासा चाळीस वर्षांत पहिल्यांदाच विसरले होते.

आज फुमिएची महिन्याची तिथी. दहा वाजता देवळातले गुरुजी यायचे होते. साडेनऊला मेहुणी चियो आली.

"भावजी, चहाला पाणी?"

"येतंय."

"कुठून?"

"पाइपातून. जरा थांब."

"गुरुजींना थांबवू की पाइपाला?" चियो किटली घेऊन बाहेर गेली आणि भरून घेऊन आली. शेजाऱ्यांकडून आणली असेल, या विचारानं ओरिकासा ओट्याखालीच शरमले.

गुरुजी आले. फुमिएच्या फोटोपुढे चहाची वाटी ठेवली गेली, मंत्र झाले. गुरुजींनी स्वतः दोन कप घेतले.

"चहा छान झालाय. पाणी कुठलं?"

"गाडीतलं," चियो म्हणाली.

ओरिकासांच्या हातातला कप तसाच राहिला. गुरुजी आणखी अर्धा कप मागत होते. नाही कसं म्हणणार? तोही गेला.

गुरुजी निघाल्यावर ओरिकासांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "चियो, ते पाणी तुझ्या ताईनं भरलेलं होतं. झऱ्याचं."

चियोचे कप गोळा करणारे हात थांबले. "ते कधीच गेलं, भावजी. इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी ताईचा फोन आला होता, गाडीतलं पाणी काढून टाक म्हणून. मी काढलं."

"मग हे?"

"हे ऑक्टोबरातलं. लोणच्याचे मुळे आणले होते मी, चिखलानं भरलेले. तुम्ही देवळात गेला होतात. गाडीचा मागचा नळ मुळे धुवायला बरा पडतो म्हणून टाकी भरून घेतली, तुमच्याच अंगणातल्या नळाच्या पाण्यानं."

"म्हणजे मी दोन महिने..."

"मुळे धुवायचं पाणी राखलंत." चियोला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून तिनं ते गिळलं.

ओरिकासांनी फोटोपुढच्या वाटीकडे पाहिलं. "फोनवर काय म्हणाली ती?"

"सांगितलं ना आत्ता."

"तसं नाही. तिच्या शब्दांत सांग."

चियो खाली बसली. "म्हणाली, 'चियो, गाडीतलं पाणी तूच काढून टाक. ह्यांच्या हातून व्हायचं नाही. सगळ्या गावाला सांगतील, आणि स्वतः नळापाशी नुसते उभे राहतील.'"

"पुन्हा सांग."

चियोनं पुन्हा सांगितलं. ओरिकासा डोळे मिटून ऐकत होते. सप्टेंबरपासून फुमिएचं एकही नवं वाक्य त्यांच्या कानावर पडलं नव्हतं.

"आणखी एकदा."

तिसऱ्या वेळी चियोनं शेवटी हळूच जोडलं, "'तसे मनानं फार मायाळू आहेत.'"

हे वाक्य चियोच्या पदरचं आहे, हे ओरिकासांना तिथल्या तिथे कळलं. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात फुमिएनं त्यांच्याबद्दल असं काही म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. तरी त्यांनी ते वाक्यही ठेवून घेतलं.