परीक्षा गाडीची, उपास माझा

चहा सोडायचा असं मी सोमवारी सकाळी ठरवलं, तेही दुसरा कप संपवल्यावर. (भरल्या पोटी माणसाला वैराग्य लवकर येतं.) कारण नेहमीचंच. मार्च आला होता आणि आमच्या गाडीची एमओटी जवळ आली होती. एमओटी म्हणजे गाडी रस्त्यावर आणायच्या लायकीची आहे की नाही, याची वर्षाची परीक्षा. गाडी जेरार्डची, आणि जेरार्ड माझा नवरा. लग्न ठरताना मला कोणी सांगितलं नव्हतं की त्या घरात आधीच एक सवत आहे, हिरव्या रंगाची, आणि ती तेल गाळते.

ती पास व्हावी म्हणून मी दरवर्षी काहीतरी सोडत आले. दिव्यांसाठी साखर सोडली. ब्रेकसाठी पावावरचं संत्र्याचं मार्मालेड. स्टिअरिंग डगमगलं त्या वर्षी बिस्किटं गेली. सुटलं ते सुटलंच. देवाला दिलेलं पुढच्या वर्षी परत कसं मागायचं? गाडीला नवे भाग मिळत गेले आणि माझं ताट रिकामं होत गेलं. आता चहावर आलं होतं. तो मात्र गाडी पास होईपर्यंतच, असं मी देवाला आधीच स्पष्ट सांगून ठेवलं. आमच्या प्रेस्टन गावच्या पावसात चहा कायमचा सोडायला संतच व्हावं लागतं, आणि मी आपली रविवारी चर्चमध्ये फुलं लावणारी बाई.

"अगं विनी, चहा?" जेरार्ड घाबरलाच. "दुसरं काही नाही का सोडायला?"

"जिवावर येईल असंच द्यायचं असतं. मगच देव ऐकतो."

"देव ऐकेल गं. पण तो वर असतो. घरात तुझ्याबरोबर मी असतो."

गाडी नापास झाली.

"जेरार्ड, हिच्या तळाला भोक पडलंय," गॅरेजमधला कीथ म्हणाला. गाड्या तोच तपासतो. "पाय ठेवायला जागा आहे, पण ती रस्त्यावर."

मग जेरार्ड पत्रा जोडायला गाडीखाली शिरला तो बरेच दिवस बाहेरच आला नाही. मी त्याच्या बुटांशी बोलायचे, जेवायला बुटांनाच हाक मारायचे. चहावाचून डोकं सतत ठणकत होतं. रविवारी प्रार्थनेनंतर बायका किटली घेऊन फिरायच्या, तेव्हा मी कोपऱ्यात गरम पाणी फुंकून फुंकून प्यायचे. फादरनी दोनदा विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, तळ सोडला तर सगळं ठीक आहे. त्यानंतर ते माझ्याकडे फार दयेनं बघायला लागले.

फेरतपासणीला मात्र जेरार्डबरोबर मी स्वतः गेले, आणि तयारीनं गेले. आरशाला जपमाळ बांधली. पुढे प्रवाशांचा कैवारी संत ख्रिस्तोफर उभा केला. आणि समोरच्या काचेवर, बरोबर मधोमध, संत ज्यूडचं चांगलं मोठं चित्र चिकटवलं, कारण हाताबाहेर गेलेली कामं त्याच्याकडे असतात.

कीथनं तळ ठोकून पाहिला, ब्रेक दाबून पाहिले, दिवे पाहिले. मान डोलवत होता. माझ्या तोंडाला चहाची चव यायला लागली. मग तो चालकाच्या जागेवर बसला आणि मान वाकडी करून समोर बघायला लागला.

"विनीबाई, हे समोर कोण?"

"संत ज्यूड."

"मला रस्ता दिसत नाही."

"श्रद्धा ठेवा."

"मी ठेवतो हो, पण नियम ठेवत नाहीत. हे सगळं काढा, नाहीतर गाडी नापास."

म्हणजे तळ पास, ब्रेक पास, आणि नापास कोणामुळे? तर मी पास करायला बोलावलेल्या संतांमुळे! मी निमूटपणे दोघा संतांना आणि जपमाळेला मांडीवर घेऊन बाकावर बसले. गाडी पास झाली.

"झालं एकदाचं!" मी म्हटलं. "देवानं लाज राखली. नाहीतर जेरार्ड वर्षभर बसनं फिरला असता."

"बसनं का?" कीथनं विचारलं. "चाळीस वर्षांपुढच्या गाडीला ही परीक्षा माफ असते. तुमची म्हातारी तर कधीच पन्नाशी ओलांडून गेली. जेरार्डला माहितीये की."

जेरार्ड टायरकडे बघायला लागला.

गाडीत बसेपर्यंत मी दम धरला. "तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि मी वेड्यासारखी एकेक सोडत गेले?"

"अगं, मार्च आला की तू कशी खुलतेस! मेणबत्त्या काय, नऊ-नऊ दिवसांच्या प्रार्थना काय. मुलं दूर गेल्यापासून तुला एवढ्या आनंदात दुसऱ्या कशापायी पाहिलं नाही. म्हटलं, परीक्षा बंद केली तर ही मागणार काय?"

"मी तुझ्यासाठी करत होते रे! तुझा जीव गाडीत, म्हणून."

"माझी पाठ गेली त्या तळाखाली," तो म्हणाला. "मला वाटत होतं, मी तुझ्यासाठी करतोय."

घरी आल्यावर मी किटली भरून चहा केला आणि सगळा एकटीनं प्यायले. आता हे सगळं बंद, असं दोघांनी हातावर हात मारून ठरवलं. वर्ष फार शांततेत गेलं.

परवा मार्च लागला. सकाळी उठले तर करायला काहीच नाही. मेणबत्ती हातात घेतली, पण लावायची कशासाठी? दुपारपर्यंत कसाबसा धीर धरला. जेरार्ड बाहेर गेलेला पाहून गॅरेजला फोन केला आणि हळूच म्हटलं, "कीथ, म्हातारीला घेऊन येईन म्हणते. सहज आपलं. जेरार्डला बोलू नका."

"तपासणीची वेळ जेरार्ड सकाळीच घेऊन गेलाय," कीथ म्हणाला. "म्हणाला, विनीला कळू देऊ नका, आणि पहिल्या खेपेला जरा नापास करा, त्याशिवाय तिला हुरूप येत नाही. मी म्हटलं, बाबा, या गाडीला मी कशाला नापास करू? ती स्वतःच होते. यंदा मागचा ॲक्सल गेलाय. मोठं काम आहे, विनीबाई."

मी फोन ठेवला आणि टेबलावरच्या लोण्याकडे एकदा डोळे भरून पाहून घेतलं.